पंचनाम्याच्या कागदांपासून माकडतापाच्या नकाशापर्यंत : आमची वाटचाल

सावंतवाडीतील आमच्या कार्यालयाची सुरुवात बागांच्या मोजणीपासून झाली. काजू-आंब्याच्या बागांच्या हद्दी जीपीएस यंत्राने मोजायच्या आणि नकाशे काढून द्यायचे, एवढेच पहिली काही वर्षे आमचे काम होते. कर्नाटकातून हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले ते २००२ साली, आणि त्यानंतर माडा-केळींच्या नुकसानीचे पंचनामे गावोगावी होऊ लागले. एका संस्थेने अशा पंचनाम्यांची चळत आमच्याकडे आणून दिली आणि ते सगळे एका नकाशावर बसवून मागितले. आम्ही ठिपके बसवले. ते डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना दाटीने उमटले आणि आतल्या वाड्या जवळजवळ कोऱ्या राहिल्या. पुण्यात संख्याशास्त्राचे शिक्षण घेऊन नुकतीच परतलेली माझी धाकटी बहीण बराच वेळ तो नकाशा पाहत राहिली आणि म्हणाली, "दादा, यात हत्तींच्या वाटेपेक्षा पंचनामा करणाऱ्यांची वाट जास्त उमटली आहे." त्या महिन्यापासून ती भागीदार म्हणून कामात उतरली.

पुढे २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गावात, २०१६ च्या सुरुवातीस आमच्या दोडामार्ग तालुक्यात आणि त्यापुढच्या वर्षी बांदा परिसरात माकडतापाचे रुग्ण आढळले, तेव्हा आमच्या कामाचे स्वरूपच बदलले. हा रोग प्रथम ओळखला गेला तो १९५७ मध्ये, कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात. त्याचा विषाणू जंगलातील गोचिडींमार्फत पसरतो. वानर आणि केलडी (लाल तोंडाचे माकड) या दोघांनाही त्याची लागण होते, आणि माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खालच्या पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या पाल्यात, उतरतात. पावसाळा संपल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून, गोचिडीची लहान अवस्था पातेऱ्यात वाढू लागते. खसखशीच्या दाण्याएवढा हा जीव पायाला चिकटला तरी बहुतेकांना कळत नाही. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही, म्हणून लागणीची जागा शोधणे हेच प्रतिबंधाचे मूळ ठरते.

ती जागा कागदावरून सापडत नाही, हा आमचा पहिला मोठा धडा. रुग्णाच्या नोंदीत घराचा पत्ता असतो. पण लागण झालेली असते ती काजूच्या बागेत, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडताना किंवा पातेरा गोळा करताना, आणि ती बाग कित्येकदा दुसऱ्याच गावाच्या हद्दीत असते. गोचीड चावल्यापासून ताप येईपर्यंत सुमारे तीन ते आठ दिवस जातात, आणि काजूच्या हंगामात तेवढ्या दिवसांत एक मजूर चार बागा फिरून येतो. घराच्या पत्त्यावर ठिपका ठेवून काढलेला नकाशा फवारणी करणाऱ्यांना चुकीच्या वाडीत नेऊ शकतो. म्हणून आम्ही एकच ठिपका ठेवणे सोडले. प्रत्येक रुग्णासाठी संभाव्य बागांची यादी घेऊन, तिथे घालवलेल्या दिवसांच्या प्रमाणात त्या रुग्णाचा नकाशातला भार त्या बागांमध्ये वाटून देण्याची पद्धत आम्ही स्वीकारली. हे किचकट काम आहे आणि त्यासाठी माणसाजवळ बसून विचारावे लागते.

दुसरी अडचण लहान आकड्यांची. तीनशे वस्तीच्या वाडीत एक रुग्ण सापडला तर दर हजारी ३.३ निघतो, आणि तीन हजार वस्तीच्या गावात चार सापडले तरी तो १.३ भरतो. नकाशावर वाडी लालभडक होते आणि गाव फिके पडते, वास्तविक त्या एका रुग्णावरून वाडीबद्दल फारसे काही सांगता येत नाही. यावर उपाय म्हणून आम्ही प्रत्येक ठिकाणचा दर शेजारच्या गावांच्या सरासरीकडे थोडा सरकवतो. ज्या ठिकाणाची माहिती तुटपुंजी तिथे जास्त आणि जिथे भक्कम तिथे कमी. एकाच वेळी जागा आणि काळ यांतला दाटवा शोधण्यासाठी मार्टिन कुलडॉर्फ यांनी १९९७ मध्ये विस्ताराने मांडलेली क्रमवीक्षण पद्धत आम्हाला फार उपयोगी पडली. जमिनीवर एक वर्तुळ आणि त्यावर आठवड्यांच्या उंचीचा दंडगोल कल्पायचा, तो लहानमोठा करत सगळ्या तालुक्यावर फिरवायचा, आणि आत पडलेले रुग्ण निव्वळ योगायोगाने पडले असते का, हे तपासायचे.

इतके करूनही आमची एक गंभीर चूक झाली आणि ती इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. एका हंगामात आम्ही दिलेल्या कच्च्या नकाशात एक गाव हिरवे रंगवले होते, कारण तिथून ना रुग्णाची नोंद होती, ना मेलेल्या माकडाची. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला असता तिथल्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीने, हिरव्या भागावर बोट ठेवून शांतपणे सांगितले, "या देवराईच्या मागे दिवाळीनंतर दोन वानर मेलेले मी स्वतः पाहिले. कुणाला कळवायचे ते कुणी सांगितलेच नव्हते." आम्ही शून्याचा अर्थ 'नाही' असा लावला होता, तिथे त्याचा अर्थ 'विचारले नाही' असा होता. हत्तींच्या नकाशात बहिणीने जे पहिल्याच दिवशी ओळखले होते, तेच आम्ही रोगाच्या नकाशात विसरलो होतो. त्या संध्याकाळी आम्ही सगळे नकाशे परत मागवले. तेव्हापासून आमच्या नकाशात करड्या रंगाची पट्टी असते, आणि जिथे कुणी शोधलेलेच नाही ते गाव हिरवे होत नाही, करडे राहते. करडा भाग कमी दाखवा, वाचणारा गोंधळतो, असा आग्रह एका कार्यालयाने धरला होता. आम्ही तो मानला नाही आणि ते काम हातचे गेले.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. सुरुवातीपासून आम्ही नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि आकडेमोडीसाठी आर या मोफत संगणक प्रणालींवर काम केले, त्यामुळे परवान्यांच्या खर्चाचे ओझे राहिले नाही. देयके मात्र उशिरा येतात, आणि दोन हंगाम आमचे पगार बागांच्या मोजणीवरच निघाले. रुग्णांची नावे आम्ही संगणकात उतरवत नाही आणि छापील नकाशात घर ओळखू येईल एवढी बारीक जागा दाखवत नाही. ग्रामपंचायतीला द्यायच्या नकाशाचे पैसे घेत नाही.

सध्या आम्ही सहा जण आहोत. नोव्हेंबर लागला की दोघे जण ठरलेल्या बागांत पांढरे फडके पातेऱ्यावरून फरपटत नेतात, त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजतात आणि एकही न सापडल्यास तसेही लिहून ठेवतात. आशाताईंच्या वहीत आता तीन रकाने आहेत: पाहिले व आढळले, पाहिले पण आढळले नाही, पाहिले नाही. देवराईमागचे ते गाव गेल्या हंगामात दुसऱ्या रकान्यात आले, आणि आता कुठे आम्ही ते हिरव्या रंगात छापले.