पणजीचा शालू काळा नव्हता

दिवाळी झाली की रुखवताच्या बाहुल्यांच्या ऑर्डरी सुरू होतात. सप्तपदी, मंगळागौर, पालखी. हात आपोआप चालतात. हे काम मात्र वेगळं होतं. मुलीच्या आईकडच्या चार पिढ्या, प्रत्येक बाई तिच्या लग्नातल्या कपड्यांत. पणजी १९३१, आजी १९६२, आई १९८८ आणि यंदाची नवरी. तारेचा सांगाडा, कापूस, वर मलमल. उंची दहा इंच, म्हणजे खऱ्या बाईचा साधारण सहावा हिस्सा.

कपडे ठरवायला आई, मावशी आणि ऐंशी ओलांडलेल्या आजी नारायण पेठेतला माझा जिना चढून आल्या. मावशींनी मोबाइलवर यादीच आणली होती. "पणजीला पैठणी, पदरावर मोर, ब्लाउजला मागून नाड्या. पेशवाई लूक हवाय, ताई."

१९३१ साली पेशवाई बुडून शंभरावर वर्षं झाली होती, असं मी म्हटलं. मावशींना ते फारसं आवडलं नाही.

मग आईंनी पिशवीतून फोटो काढला. स्टुडिओतला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मागे शाईनं 'वैशाख, शके १८५३'. नऊवारी नेसलेली, खांद्यावरून पदर घेतलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी. कोपराखाली येणाऱ्या बाह्यांचं पोलकं, बाह्यांच्या टोकाला बारीक लेस. ना मोर, ना नाड्या. साडी काळीकुट्ट.

"चंद्रकळा असणार," मावशी म्हणाल्या. "म्हणजे हा संक्रांतीचा फोटो."

"मागे वैशाख लिहिलंय," आई म्हणाल्या.

मी भिंग काढलं. असे फोटो वाचायची मला सवय आहे. त्या काळी स्टुडिओत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक निगेटिव्हच्या काचेवर लाल उजेडाचा परिणामच होत नसे. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता यायचं. फोटोत लाल वस्तू काळी उमटते आणि निळी फिकी पडते. मी मावशींना मुलीचं कपाळ दाखवलं. कुंकू डांबरासारखं काळं. "कुंकू लाल होतं, याबद्दल तरी वाद नाही ना?" साडीचा काळा आणि कुंकवाचा काळा अगदी एक. आणि हातातला चुडा, जो हिरवाच असणार, तो करड्या रंगात, बराच उजळ. म्हणजे साडी हिरवी नाही. पिवळी असती तरी इतकी काळी आली नसती. राहिला लाल.

"लालच होता शालू," आजी पहिल्यांदा बोलल्या. "बोहारणीला देऊन आईनं दोन पातेली आणि परात घेतली होती."

"मग मघापासून गप्प का?"

"विचारलंत कुणी?"

रंग मिटला, तर कापडाचा प्रश्न आला. मावशींना लक्ष्मी रोडवरची चमचमती टिश्यू हवी होती. पण तिची जर म्हणजे पॉलिस्टरवर चढवलेला धातू, आणि पॉलिस्टरचा शोधच १९४१चा. खऱ्या जरीत चांदीची चपटी तार रेशमावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा देतात. ती मंद चमकते, आरशासारखी अंगावर येत नाही. अशा कामांसाठी मी फाटक्या शालूंचे काठ उसवून धागे जपून ठेवते.

खरी कसरत नेसवण्यात. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर; सहाने भागले की एक मीटर सदतीस सेंटिमीटर. लांबी भागता येते, कापडाची जाडी भागता येत नाही. तेवढं सगळं नेसवलं तर निऱ्या कमरेशी साचतात आणि बाहुली पोटुशी दिसते. म्हणून मी सर्वांत झिरझिरीत रेशीम घेते, आतला वेढा कापून टाकते आणि काष्टा वेगळा शिवून मागे खोचते. काही जण याला फसवणूक म्हणतात. म्हणोत. नऊवारी चापून नेसलेली दिसली पाहिजे, वार मोजत कोण बसणार? १९४५ साली कापडाच्या टंचाईत पॅरिसच्या बड्या शिवणघरांनी आपली फॅशन तारेच्या बाहुल्यांवर मांडली होती. पण त्या माणसाच्या एक तृतीयांश होत्या, त्यांना चालणारी बटणं लावता आली. माझ्या मापात बटण म्हणजे दोऱ्याची गाठ. नथीचंही तेच. तुळशीबागेतला बारीकातला बारीक मणीसुद्धा गालभर होतो, म्हणून केसाएवढ्या तारेवर पांढऱ्या रंगाचे ठिपके देते.

आजींच्या बाहुलीला तरी पैठणी द्या, असा मावशींचा आग्रह सुरू झाला. आजी सरळ बसल्या. "मी संध्याकाळी स्वागत समारंभाला नायलॉनची नेसले होते. आकाशी. तीच दाखवायची."

"अगं, रुखवतात नायलॉन? लोक काय म्हणतील?"

"तेव्हा कुठून आणली म्हणून विचारत होते."

मला आजींचं म्हणणं मनापासून पटलं. जुनं म्हणजे रेशीम, जुनं म्हणजे भरजरी, असं धरून चालणारे मला रोज भेटतात. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं हे सूत साठच्या दशकात आपल्याकडच्या बायकांना अपूर्वाईचं होतं. धुतलं की लगेच वाळतं, इस्त्री नको. पणजीला पॉलिस्टर चूक, तसंच या आजींना रेशीम चूक. आजींनी ती साडी अजून ट्रंकेत ठेवली होती. कापायला परवानगीही दिली. त्यावरची फुलं बाहुलीच्या अख्ख्या छातीवर पसरली असती, म्हणून आतलं बिनफुलांचं टोक घ्यायचं आणि कुंचल्यानं टिकलीहून लहान फुलं काढायची, असं ठरलं.

आईंनी स्वतःचा अल्बम उघडला आणि पटकन मिटला. "माझ्या ब्लाउजला त्या फुग्याच्या बाह्या नका करू हं, ताई. साध्याच करा."

आजींनी अल्बम ओढून घेतला, नेमकं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. "होत्या तर होत्या. चांगले मोठे फुगे करा."