सेल्फ घर्रर्र करते? नवीन टाकायच्या आधी गाडी अर्धी वीत ढकलून पहा

जुन्या गाडीचा सेल्फ खरखर करायला लागला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असते, "सेल्फ गेला भाऊ, नवीन टाका." मलाही तेच ऐकायला मिळालं, तेही बोनेट न उघडता. आता मारुती असती तर टाकलाही असता, पण माझी आहे सॅन स्टॉर्म, गोव्यात बनलेली ती दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, फायबरची बॉडी आन् रेनोचं 1.2 लिटरचं चार सिलिंडर पेट्रोल इंजिन. वरुडकडे संत्र्याच्या पट्ट्यात ही गाडी काय कामाची असं गावात सगळेच विचारतात, एक क्रेट मावत नाही तिच्यात, पण तो विषय वेगळा. मुद्दा असा की असल्या गाडीचा पार्ट शोधायच्या आधी नेमकं बिघडलं काय हे कळलंच पायजे.

सगळ्यात पहिले आवाज कधी येते ते नीट ऐका. चावी फिरवली आन् नुसतंच टिक-टिक, तर बॅटरी, टर्मिनल नाहीतर सोलेनॉईडचे (सेल्फला करंट देऊन त्याचं दातेरी चाक पुढे ढकलते तो भाग) कॉन्टॅक्ट. सेल्फ मस्त घुंईई करून फिरते पण इंजिन हलतच नाही, तर बेंडिक्सचा, म्हणजे सेल्फच्या टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाचा, क्लच घसरून रायला. इंजिन चालू झाल्यावर चावी सोडली तरी खर्रर्र येत राहते, तर बेंडिक्स मागे येऊन नाही रायला किंवा चावीचा स्विचच परत येत नाही, अन् हे लवकर पहा, कारण चालू इंजिन सेल्फला त्याच्या ताकदीबाहेर फिरवते आन् आर्मेचरची, म्हणजे सेल्फच्या आतल्या फिरणाऱ्या गुंडाळीची, वाट लावते. माझ्याकडे मात्र चावी फिरवल्याबरोबर लोखंडावर लोखंड घासल्यासारखा घर्रर्र, तोही दरवेळी नाही. पाच वेळा एकदम क्लीन स्टार्ट आन् मग एकदा असा आवाज की बाजूच्या वावरातला माणूस मान वर करून पाहते.

हे "दरवेळी नाही" लय महत्त्वाचं आहे. बेंडिक्सचे दात गेले असते तर जवळपास दरवेळी घासला असता, कारण तेच आठ-दहा दात दरवेळी कामाला येतात. फ्लायव्हीलच्या रिंगचं, म्हणजे बेंडिक्स ज्याला फिरवते त्या इंजिनमागच्या जड चाकावरच्या दातेरी कड्याचं, तसं नाही. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना पुढच्या कॉम्प्रेशनला अडते आन् तिथेच थांबते, म्हणून ते बहुतेक वेळा दोनच जागी येऊन बसते, एकमेकांच्या बरोबर समोरासमोर, अर्ध्या फेऱ्याच्या अंतरानं. म्हणजे वर्षानुवर्षं सेल्फचा पहिला दणका रिंगच्या त्याच दोन जागांवर. बाकी रिंग नव्यासारखी आन् या दोन ठिकाणचे दात खाल्लेले.

गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना आवाज ऐकवला तर म्हणाले, "सेल्फ उतरवू नको अजून, पयले गाडी गेअरमध्ये टाकून जराशी सरकव न." युक्ती साधी आहे. घर्रर्र झाला की चावी बंद, चौथा गेअर, हँडब्रेक खाली, आन् गाडी फक्त अर्धी वीत ढकलायची. तेवढ्यात इंजिन साधारण पाव फेरा फिरते. वीतभर ढकलली तर अर्धा फेरा होऊन दुसरी झिजलेली जागा समोर येऊ शकते, मग काहीच कळत नाही. मग न्यूट्रल करून सेल्फ मारायचा. माझी गाडी काही न बोलता चालू झाली. पुन्हा कधी आवाज आला की पुन्हा तेच, पुन्हा चालू. इथेच रिंगवर संशय पक्का झाला.

तरी अर्थिंग तपासूनच घ्या, फायबरच्या गाडीत तर नक्कीच. बॉडीतून करंट जात नाही, सगळं काम चेसिस आन् इंजिनच्या अर्थ केबलवर. ती सडली की सोलेनॉईडला जोर मिळत नाही, बेंडिक्स अर्धवटच पुढे जाते आन् दातांच्या टोकावर घासत बसते. मल्टिमीटर लावा, गाडी बंद उभी असताना बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास पायजे, सेल्फ मारताना 10 च्या लय खाली जाऊ नये, आन् बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या लोखंडापर्यंत सेल्फ मारतानाच मोजलं तर अर्ध्या व्होल्टच्या आतच असावं. माझं ठीक होतं. सेल्फचे बोल्टही टाईट होते, ढिले असले तरी सेम आवाज येते.

मग निगेटिव्ह काढून सेल्फ उतरवला. बेंडिक्स एका बाजूला मोकळा फिरला, दुसऱ्या बाजूला लॉक, म्हणजे त्याचा क्लच बरा. सेल्फच्या नाकाकडचा बुश (शाफ्ट ज्यात फिरते ती बांगडी) थोडा खेळत होता, तो बदलून घेतला, स्वस्तातलं काम आहे. खरी गंमत सेल्फ बसते त्या भोकातून टॉर्च मारल्यावर. क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवत गेलो, दात चांगले, चांगले, चांगले, आन् एकदम पाच-सहा दातांची टोकं तिरपी घासलेली, चकचकीत, एकाचा तर कोपराच उडालेला. खडूनं खूण केली, अर्धा फेरा पुढे तीच कथा.

आता रिंगसाठी गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागते, त्याला शॉर्टकट नाही. पण नवी रिंग मिळत नसेल तर जुनीच गरम करून काढायची आन् पाव फेरा फिरवून पुन्हा बसवायची, म्हणजे इंजिन थांबते तिथे चांगले दात येतात. अमरावतीच्या लेथवाल्यानं तेच केलं. रिंग सगळीकडून सारखी तापवायची, घासून साफ केलेल्या लोखंडावर पिवळसर झाक आली की बस, निळी पडली की दातांचा कडकपणा गेला समजा. दातांची उतरती धार सेल्फच्याच बाजूला ठेवायची. इंजिनचा सेन्सर फ्लायव्हीलवरून रीडिंग घेत असेल तर ज्या दातांवरून घेते त्यांना हात लावायचा नाही, आन् फ्लायव्हील काढताना क्रँकवर खूण करून ठेवायची.

गिअरबॉक्स खाली आहेच तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आन् क्रँकचं मागचं ऑइल सील पाहूनच घ्या, पुन्हा तेवढ्यासाठी कोण उतरवते राज्या. नवीन बेंडिक्स घ्यायची वेळ आलीच तर फोनवर मागवू नका, जुना खिशात टाकून जा, दुकानात दोन्ही शेजारी धरून दात मोजा. एका दाताचा फरक असला तरी दुकानदार "बसते साहेब" म्हणूनच देते.