मतमाऊलीच्या वाटेवर

माळेची प्रार्थना भोंग्यावर म्हणायची टूम कुणी काढली देव जाणे. विळद घाट ओलांडेपर्यंत माझं डोकं उठलं होतं. नगर-मनमाड रस्त्यावरचे ट्रक, त्यात टेम्पोवरच्या भोंग्यातून फाटक्या आवाजात 'नमो मरिये'. मी सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीच्या घरातली. आमच्याकडे माळ नाही, नऊ दिवसांची नोव्हेना नाही, मतमाऊलीला, म्हणजे मरियामातेला, नवस तर नाहीच. सासर कॅथलिक. सासूबाई दर सप्टेंबरला श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेला चालत जातात. यंदा त्यांचा गुडघा कुरकुरत होता, म्हणून सोबतीला मला धाडलं.

पहिली चकमक प्रभूच्या प्रार्थनेवर झाली. सगळे शेवटच्या विनंतीला थांबले आणि मी सवयीने एकटीच पुढे, आमच्याकडची शेवटची ओळ, राज्य, पराक्रम, गौरव करत. तोवर बाकीचे मरियेवर पोचलेले. पुढच्या मावशी वळून म्हणाल्या, "सूनबाई, गाडी ठेसनावर थांबली, तुम्ही एकट्याच कुठं निघाल्या?" सगळे हसले, मीही हसले. नंतर मात्र दर दहा मण्यांनी तेवढी ओळ मी मुद्दाम मोठ्यानं म्हणत होते. भक्ती कसली, खोडीच ती.

राहुरी विद्यापीठाची हद्द संपता संपेना आणि तिथेच माझ्या डाव्या टाचेनं हात टेकले. नवे बूट घालू नका असं फादरांनी रविवारी मिस्सात, त्यांच्या उपासनेत, सांगितलं होतं म्हणे. मी कुठे मिस्साला होते! मोजा काढला तर फोड रुपयाएवढा, कडेनं लाल, मध्ये पाणी डुचमळतंय. दिंडी पुढे गेली. सासूबाई आणि मी रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडपुढे बसलो. आतून एक बाई आली. डोक्यावर पदर, गळ्यात तुळशीची माळ.

"कुठली दिंडी म्हनायची?"

"हरेगावची. मतमाऊलीला."

तिनं पुढे काही विचारलं नाही. पाय मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला लागले तर पोटरीवर चापट मारली. सुई चुलीवर धरली, दोरा ओवला, हळदीच्या तेलातून काढला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला. दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून कात्रीनं कापला. "दोरा ऱ्हाऊ द्यायचा. पानी त्याच्यावरनं झिरपतं. कातडं सोलायचं नाय." पंढरीच्या वाटेवर शिकली होती. पायाखाली परात सरकवून फडक्यानं पाणी टिपत होती आणि पलीकडे लेकाला शिव्याही देत होती, म्हैस सोडली नाही म्हणून. आम्हा दोघींना गुळाचा चहा दिला. लेकीच्या बाळंतपणाला तीही मतमाऊलीला मेणबत्त्या बोलली होती. "फेडल्या बया. देवाचं ठिवू नाय."

मला भरून आलं होतं. तेवढ्यात तिनं विचारलं, "तुमी कोन्त्यातल्या?"

"ख्रिस्ती," सासूबाई म्हणाल्या.

"त्ये झालं. म्हंजी आदी कोन्त्यातल्या?"

सासूबाईंनी सांगितलं. माझ्याकडे बघून बाईनं परत विचारलं, "आन् ह्या?" सासूबाई चहा फुंकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती माझी सून आहे."

उत्तर कसलं ते, पळवाटच. पण त्यांच्या तोंडून ते निघालं याचंच मला नवल. माझ्या लग्नात भांडण झालं ते प्रोटेस्टंट-कॅथलिक म्हणून, असं दोन्ही घरं सांगतात. सांगायला बरं असतं. खरं कारण आजोबांच्या पिढीच्या आधीचं. एक घर महारवाड्यातलं, एक मांगवाड्यातलं. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरात आलं, नंतर अँग्लिकन, मग कॅथलिक जेझुइट. देवळं तीन झाली आणि वाडे होते तसेच राहिले. 1970 साली नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झाली, याचा पप्पांना कोण अभिमान! त्याच पप्पांनी माझ्या लग्नात आठ दिवस जेवण सोडलं होतं. सरकारदरबारी तर आम्हाला जातच नाही. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशातून आम्ही वगळलेले. पुढे शीख घेतले, 1990 मध्ये बौद्ध घेतले, ख्रिस्ती अजून बाहेर. सवलतीला जात नाही, सोयरिकीला मात्र आहे.

चहाचे पैसे बाईनं घेतले नाहीत. माझ्या नावानं एक मेणबत्ती लावा म्हणाली.

राहुरी फॅक्टरीवरून देवळाली प्रवराकडे वळल्यावर ट्रक कमी झाले, ऊस वाढला. एका फाट्यावर मोटारसायकलवरची पोरं आडवी आली. किती जणांना बाटवायला निघालात, वगैरे. टेम्पोवाल्यानं भोंगा बंद केला. इतका वेळ ज्याचा राग येत होता तो भोंगा बंद झाला आणि मला ते अजिबात सहन होईना. पोरं गेल्यावरही कुणी सुरुवात करेना. मग ठेसनवाल्या मावशींनी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एक पद काढलं, भोंग्याशिवाय. ते आमच्या उपासनेतलं, मला तोंडपाठ. त्यांची चाल मात्र भलतीच, शेवटच्या ओळीत खाली उतरणारी. मी माझ्या चालीत म्हटलं, त्या त्यांच्या. जमलं नाही. म्हटलं मात्र शेवटपर्यंत. टिळकांनी 1917 मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले सगळे एकत्र बसावेत म्हणून. दोन वर्षांत ते गेले. त्यांचं पद त्या फाट्यावर उपयोगी पडलं, एवढं खरं.

बेलापूर, प्रवरेचा पूल, श्रीरामपूर. सगळं पायाकडे बघत गेलं.

हरेगावात मेणबत्त्यांची रांग, पाळणे, रेवड्या, गर्दी. बाईची मेणबत्ती लावली. मरियेपुढे हात जोडताना अवघडले, तरी जोडले. मिस्सात ख्रिस्तशरीराची, म्हणजे पवित्र भाकर घ्यायची, वेळ आली तेव्हा सासूबाई उठल्या, रांग लागली आणि मी जागेवरच. ते कॅथलिकांनाच, हा नियम ठाऊक आहे, तरी राग आला. इतकं चालून ताटावरून उठवल्यासारखं वाटलं. सासूबाई परत येऊन गुडघे टेकताना कण्हल्या. मी हात दिला, त्यांनी घेतला. त्या विषयावर आम्ही अजून बोललेलो नाही.

परतीच्या टेम्पोत पुढच्या सीटवरून मावशींचं आणि सासूबाईंचं कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, जानेवारीत ख्रिस्ती पंथांच्या ऐक्य सप्ताहाला दोघी आमच्या चर्चला या.

"येऊ की," सासूबाई म्हणाल्या, "पण पुढचं बाकडं धरून ठेव. हिच्याशेजारी नको."