पांढरा अंगठा

सुट्टी लागून घर माणसांनी भरलं की मी दर वर्षी एकाच प्रकारच्या कुकीज करते. मोठ्या बोराएवढ्या, गोल, पिठीसाखरेत घोळवलेल्या. साच्याने तारे कापायचा नाद मी कधीच सोडला. माझ्या ताऱ्याचा एक तरी कोन ओव्हनमध्ये हमखास पसरतो. गोळीला कोनच नसतात, त्यामुळे बिघडायलाही फारसं काही उरत नाही.

जिन्नस मोजके. २२५ ग्रॅम बटर, ६० ग्रॅम पिठीसाखर, २८० ग्रॅम मैदा, थोडा व्हॅनिला, चिमूटभर मीठ. अंडं नाही, बेकिंग पावडरही नाही. पहिल्या वर्षी पिठीसाखर संपली होती, तेव्हा 'साखर ती साखर' म्हणत मी नेहमीची दाणेदारच घातली. ट्रेवर ठेवल्या होत्या गोळ्या, बाहेर आल्या चकत्या! दाणेदार साखर उष्णतेने विरघळते, तिच्यामुळे कुकी पसरते आणि गार झाल्यावर कडकही होते. पिठीसाखर मात्र बटरमध्ये गुमान मिसळून जाते. शिवाय गुठळ्या होऊ नयेत म्हणून विकतच्या पिठीसाखरेत बहुधा थोडं कॉर्नफ्लोअर असतं, त्यानेही कुकी खुसखुशीत व्हायला हातभार लागतो.

बटर बोटाने दाबलं की खळी पडावी इतपतच मऊ हवं. वितळलेलं चालत नाही. मैदा घातल्यावर थोडा वेळ सगळं भुग्यासारखं दिसतं आणि दुधाचा एक शिंतोडा मारायला हात शिवशिवतो. मारू नये. भुगा मुठीत दाबत राहिलं की हाताच्या उबेने तो आपणहून गोळा होतो.

१७५ अंश सेल्सिअसला १२ ते १५ मिनिटं. पण घड्याळापेक्षा मी एक कुकी उलटी करून बघते, कारण वरून ती शेवटपर्यंत फिकटच राहते. रंग येतो तो बुडाला.

खरी गंमत पुढे. पिठीसाखरेत दोनदा घोळवायचं. पहिल्यांदा कोमट असताना. त्याआधी घाई केली तर हातातच भुगा होतो. उबेने आणि बटरच्या ओलाव्याने ही पहिली साखर चिकटून बसते आणि डागाळल्यासारखी दिसते. नवखा माणूस इथे हिरमुसतो, आणखी साखर भुरभुरवतो, तीही चिकट होते. कुकीज पार गार झाल्या की दुसऱ्यांदा घोळवायच्या. आता साखर कोरडी राहते, पांढरीशुभ्र. एकदाच घोळवून मोकळी होणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांच्या कुकीज मी खाते, पण मनातून माफ करत नाही.

खाण्याचंही एक तंत्र आहे. कुकी तोंडाजवळ आली की श्वास आत ओढायचा नाही. साखर थेट घशात जाते आणि जो ठसका लागतो तो समोरच्यालाही पांढरं करून सोडतो. म्हणून घास घेणाऱ्याला हसवायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. पाळत कोणीच नाही.

गेल्या सुट्टीत रात्री भरून ठेवलेला डबा सकाळी निम्मा झाला होता. संशय अर्थातच धाकटीवर. तिने डोळ्यांत पाणी आणून नाही म्हटलं, तरी कोणी ऐकेना. मग मला दिव्याच्या बटणावर एक पांढरा अंगठा दिसला. तिचा हात काही तिथवर पोचत नाही. मी वळून पाहिलं. गोड सोडल्याचं येईल त्याला सांगणारे बाबा खिडकीशी पेपर वाचत बसले होते, अगदी गढून. चष्म्याच्या काळ्या काडीला, बरोबर बोट लागतं तिथे, पिठीसाखर होती.