नंदगडच्या माळ्यावरची नळी: ओळख पटवण्याचा माझा अनुभव

खानापूर तालुक्यात नंदगडजवळ माझ्या मामांचे जुने घर आहे. त्याची कौले उतरवताना माळ्यावरून बंदुकीची एक सुटी नळी निघाली. दस्ता नव्हता, चाप नव्हता, गंजाखाली एखादे अक्षरही दिसत नव्हते. "रायण्णाच्या माणसांची बंदूक हाय ही, आज्जा सांगायचे," असे मामा ठामपणे म्हणाले. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना 26 जानेवारी 1831 रोजी नंदगडलाच फाशी दिले गेले. त्यामुळे या पंचक्रोशीत सापडणाऱ्या प्रत्येक जुन्या शस्त्राला त्यांचे नाव चिकटते आणि त्यामागचा आदर मला मनापासून मान्य आहे. पण त्याच आदरापोटी मला वाटले की या नळीची ओळख ऐकीव गोष्टीवर न सोडता लोखंडावरूनच पटवावी.

पहिले काम मात्र कायद्याचे होते. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा कालबाह्य किंवा पुरातन शस्त्राला कलम 45 खाली सूट मिळू शकते, परंतु आपले शस्त्र त्यात बसते असे आपणच ठरवून ते घरात ठेवणे योग्य नव्हे. म्हणून मामांच्या नावाने पोलीस ठाण्यात लेखी माहिती देऊन पोच घेतली आणि ठाण्याच्या संमतीने नळी बेळगावातील एका परवानाधारक बंदूक विक्रेत्याकडे जमा केली. पुढची सगळी तपासणी त्यांच्याच कारखान्यात झाली. तिथले मिस्त्री आयुष्यभर पीक संरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुका दुरुस्त करत आलेले आहेत.

मिस्त्रींनी नळीला आधी रॉकेलमध्ये भिजत ठेवले आणि नंतर पितळी ब्रशने हलक्या हाताने गंज काढला. पॉलिश पेपर त्यांनी जवळही येऊ दिला नाही, कारण ठशांची खोली कमी असते आणि एकदा ते घासले गेले की नळीची ओळखच संपते. एवढ्या साफसफाईनंतर रायण्णांच्या काळाचा प्रश्न लगेच सुटला. त्या काळातील लष्करी बंदुका चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने उडणाऱ्या होत्या. त्या तोंडाकडून ठासून भरत, त्यांचे मागचे टोक बंद असे आणि बाजूला दारू पेटवण्यासाठी बत्तीचे छिद्र असे. आमच्या नळीला असे छिद्र नव्हते. तिचे मागचे टोक सताड उघडे होते, बाहेरून त्यावर आटे पाडलेले होते आणि त्याच मागच्या टोकाच्या दोन बाजूंना काडतूस बाहेर ओढणाऱ्या पंजासाठी खाचा होत्या. म्हणजे ही मागून काडतूस भरायची, एकबारी रायफल होती.

त्यानंतर ही स्नायडर की मार्टिनी-हेन्री, या दोन ब्रिटिश रायफलींपैकी कोणती, हा प्रश्न उरला. स्नायडर 1866 साली ब्रिटिश सैन्यात आली आणि तिच्या नळीचा आतला व्यास .577 इंच, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरच्या वर असतो. मार्टिनी-हेन्री 1871 साली स्वीकारली गेली आणि तिचा व्यास .450 इंच आहे. व्हर्निअर हे बारीक मापाचे साधन लावून हे चटकन कळायला हवे होते, पण माप प्रत्येक वेळी वेगळे येत होते. कारण शोधताना विजेरीच्या तिरक्या उजेडात आतल्या बाजू मोजल्या, त्या सात भरल्या. मार्टिनी-हेन्रीच्या नळीतील, एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री यांनी योजलेली ही सप्तकोनी रचना आहे. तीत एका सपाट बाजूसमोर दुसरी बाजू न येता कोन येतो, म्हणून समोरासमोरचे माप सरळ मिळत नाही. मला या सगळ्या शोधात सर्वात मोलाचा वाटलेला पुरावा हाच.

तरीही एका खुणेवर न थांबता आम्ही आणखी काही मापे घेतली. गजाला घट्ट कापड गुंडाळून तो नळीत सरकवला तेव्हा सुमारे 56 सेंटीमीटरमध्ये त्याचा एक पूर्ण फेरा झाला. मार्टिनी-हेन्रीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणारे नळीच्या आतले वळण, 22 इंचांत एक फेरा असाच आहे, तर स्नायडरचा त्याहून कितीतरी संथ. मग मिस्त्रींनी काडतूस बसण्याच्या जागेत वितळलेले गंधक ओतून साचा काढला. तो बुडाशी सुमारे 17 मिलिमीटर रुंद निघाला आणि पुढे बाटलीच्या मानेसारखा निमुळता होत गेला; हेही मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसाशी जुळते. नळीची लांबी 84 सेंटीमीटरच्या आसपास भरली, म्हणजे ती आखूड कार्बाइनची नसून पूर्ण लांबीच्या रायफलची होती.

ठसे नळीच्या खालच्या बाजूला, लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या भागात सापडले. खडूची पूड चोळल्यावर मुकुटाखाली 'बी. पी.', मुकुटाखाली 'व्ही.' आणि शेजारी 52 हा आकडा वाचता आला. ही इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या, बंदुकीच्या नळ्या तपासणाऱ्या चाचणीगृहाची 1904 पूर्वीची चिन्हे आहेत. आकडा नळीचे माप सांगतो: एक पौंड शिशाच्या 52 सारख्या गोळ्या केल्या तर प्रत्येकीचा व्यास साधारण .447 इंच येतो, म्हणजे हा आकडाही .450 शी जुळतो. ब्रिटिश सरकारी मालावर असणारा बाणाचा ठसा, किंवा हिंदुस्थान सरकारच्या मालावरचा बाण आणि त्याखालचा 'आय', नळीवर कुठेच नव्हता. त्यावरून ही सैन्यातून बाहेर पडलेली रायफल नसून बर्मिंगहॅमच्या खाजगी व्यापारातून आलेली, 1871 ते 1904 या काळातील मार्टिनी-हेन्री धाटणीची नळी आहे, असा निष्कर्ष मी लिहून काढला.

मामांना तो वाचून दाखवला तेव्हा ते जरा हिरमुसले, पण सात बाजूंचे छायाचित्र त्यांनी बराच वेळ निरखले आणि आज्जांनी सांगितलेली गोष्टही माझ्या टिपणात लिहून ठेवायला सांगितली; ती मी 'घरातील सांगणे' अशा वेगळ्या शीर्षकाखाली नोंदवली आहे. मापे, ठशांची छायाचित्रे आणि मिस्त्रींचे सहीचे टिपण जोडून आम्ही कलम 45 च्या सवलतीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला असून, आदेश येईपर्यंत नळी विक्रेत्याच्या नोंदवहीत आणि त्यांच्याच कुलपात राहील.