अपमानात पेरलेलं

शनिवार रात्र. उद्या ईस्टर, येशू मेलेल्यांतून उठला तो दिवस.

आत्या गेल्यापासून भेटायला येणारा जो तो एकच समजूत घालतो, "शरीराचं काय एवढं? जुनं वस्त्र ते. आत्मा अमर असतो." माणसं मायेनं बोलतात, म्हणून मी ऐकून घेते. पण आमचा विश्वास तसा नाही, आणि ते आज लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

उपासनेत आम्ही प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आमचा विश्वास थोडक्यात सांगणारी कबुली, म्हणतो. त्यात शेवटाकडे आधी शरीराचं पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्या देहाचं पुन्हा उठणं, येतं, मग सार्वकालिक जीवन. नुसत्या आत्म्यावर तिथं भागत नाही. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलातल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय तर याच गोष्टीला वाहिलेला आहे. दाणा मातीत पडतो, मरतो, तेव्हाच उगवतो, असं तो सांगतो. पेरणी करणाऱ्या जालन्याच्या माणसाला यावर वेगळं प्रवचन नको. मी अडकते ती पुढं, ४३ व्या वचनापाशी: अपमानात पेरलं जातं, ते गौरवात उठवलं जातं.

अपमान म्हणजे काय, हे आमच्या घराला विचारावं. ब्राह्मण घरात जन्मलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. पुढं ते जालन्याकडे आले, मांगवाड्यांतून फिरले, जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. आमचे पूर्वज त्याच काळात प्रभूकडे आले. त्याआधी गावात त्यांची सावलीसुद्धा चालत नव्हती. सावली कशाची पडते? शरीराचीच ना? आत्म्याला काही कुणी पाणवठ्यावरून हाकललं नव्हतं. ज्या देहाचा पिढ्यान् पिढ्या विटाळ मानला, तो मातीतच ठेवून देव फक्त आत्मा उचलून नेणार असेल, तर तो न्याय मला अर्धाच वाटतो. माझा देव अर्धा न्याय करत नाही.

आत्यानं तरुणपणी ऊसतोड केली. डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर कोयत्यानं गेलेलं. त्या आखूड बोटानं ती भाकरी थापायची, बायबलाच्या ओळीवर तेच बोट ठेवून अक्षरं जुळवायची. पेटी बंद करण्याआधी मी तो हात बराच वेळ धरून बसले होते. मेलेल्यांतून उठल्यावर प्रभूनं थोमा या संशयी शिष्याला स्वतःचे हात दाखवले, तेव्हा खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. त्याच शरीरानं भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, हेही लूकनं आपल्या शुभवर्तमानात नोंदवून ठेवलंय. आत्याच्या बोटाचं काय होईल, मला सांगता येणार नाही. पण मी तिला ओळखेन, याची मला खात्री आहे.

माती देताना मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "विश्वासात गेल्या, रडू नये." मला ते पटलं नाही. येशूचा मित्र लाजर, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते, आता याला हाक मारून बाहेर बोलवायचं हे येशूला ठाऊक होतं, आणि तरी तो रडला. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल एवढंच सांगतो की, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेद करायचाच नाही, असं तो कुठं म्हणतो?

मग आज, या घडीला आत्या कुठं आहे? वधस्तंभावरच्या चोराला प्रभू म्हणाला, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मला तेवढं पुरतं.

पहाटे दफनभूमीत प्रार्थना आहे. झेंडू आणि मेणबत्त्या आणून ठेवल्यात. कबरेवरची काळी माती उन्हानं भेगाळून खचायला लागलीय, पावसाआधी ओटा बांधून घ्यायलाच हवा. पाटीवर योहान ११:२५, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे", घालावं, असं भाऊ म्हणतो; आमच्या दफनभूमीत बहुतेक पाट्यांवर तेच आहे. मी करिंथकरांचं ४३ वं वचन धरून बसलेय. गवंडी म्हणतो, दोन्ही मावणार नाहीत.