पिनकोडचा पट्टा

कंपास म्हटलं की आपल्याला पत्र्याची पेटी आठवते. कर्कटक, कोनमापक आणि तळाशी कोंबलेला खोडरबराचा तुकडा. मोंगोडीबी हा डेटाबेस, आणि त्यातली माहिती पडद्यावर बघायचं अ‍ॅप म्हणजे ‘कंपास’. त्याने नाव होकायंत्राचं घेतलं असलं, तरी स्वभाव त्या पेटीचाच. लोकलहोस्ट (म्हणजे आपलाच संगणक), पोर्ट २७०१७ म्हणून कनेक्ट केलं की झाकण उघडतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर कंपासला दोष देऊ नये. बहुधा मोंगोडी, म्हणजे डेटाबेसचा सर्व्हरच, चालू नसतो.

सगळे आधी डॉक्युमेंट्स, म्हणजे एकेक नोंद, चाळत बसतात. खरी गंमत शेजारच्या ‘स्कीमा’ टॅबमध्ये आहे. ‘अ‍ॅनलाइज’ दाबा. हजार डॉक्युमेंट्सचा नमुना घेऊन प्रत्येक फील्डखाली, म्हणजे नोंदीतल्या रकान्याखाली, त्यातल्या माहितीच्या प्रकारांचा पट्टा उमटतो. ‘पिनकोड’खाली बघावं: बहुतेक स्ट्रिंग (मजकूर), थोडे इंट३२ (पूर्णांक), आणि कोपऱ्यात किंचित ‘अनडिफाइंड’, म्हणजे फील्डच गायब. ४११०३० अवतरणचिन्हांत आणि ४११०३० उघडा, डोळ्यांना दोन्ही सारखेच. मोंगोला ते परके. एकाला शोधाल तर दुसरा सापडत नाही, एररही येत नाही. निकाल नुसताच कमी भरतो, हे फार वाईट. शिवाय नमुना हजारांचाच. लाखांत पाच-दहा चुकार असतील तर पट्ट्यावर दिसतीलच असं नाही. त्यांच्यासाठी फिल्टरमध्ये ‘डॉलर टाइप’ लावून ‘इंट’ मागावं.

हा घोळ बहुतेकदा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या तक्त्याची फाइल) इम्पोर्ट करतानाच होतो. प्रत्येक स्तंभाचा प्रकार तिथे निवडता येतो, पण ती यादी वाचतो कोण! मुंबईचा फोनचा कोड ०२२ हा ‘नंबर’ प्रकारात आत गेला की २२ होतो. ते शून्य मग कुठल्याच क्वेरीने (शोधाने) परत येत नाही.

क्वेरी रेंगाळली तर ‘एक्सप्लेन’ दाबावं. बारा डॉक्युमेंट्स हाती यायला चार लाख तपासली गेली असतील आणि टप्प्याचं नाव ‘कॉलस्कॅन’ (सगळ्या नोंदी एकेक करून चाळणं) असेल, तर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, नाही किंवा असून वापरला गेला नाही. ‘आयएक्सस्कॅन’ (सूचीतून शोध) दिसलं आणि दोन्ही आकडे जवळ आले की हुश्श.

कंपासची एक गोष्ट मात्र खटकते. अख्खं कलेक्शन (नोंदींचा गठ्ठा) उडवायचं तर तो नाव टाइप करून घेतो, पण एखाद्या फील्डमधली किंमत बदलायला डबलक्लिक आणि ‘अपडेट’ पुरेसं. मागे फिरायची सोय नाही. तारखांवर तर हात शिवशिवतातच. ३१ मार्चची मध्यरात्र तिथे ३० मार्च, १८:३० अशी दिसते, कारण वेळ यूटीसीत, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, असते. कुणीतरी भला माणूस ती ‘दुरुस्त’ करतो, आणि अ‍ॅपमध्ये तीच नोंद पहाटे साडेपाचची होऊन बसते.